आमची सुपारी

"हे ना? हे सुपारी घ्यायला गेलेत भांडुपला. येतीलच एवढ्यात."

आमच्या सौभाग्यवतीने हे वाक्य फोनवर अगदी सहज उच्चारलं. पलीकडे कन्येच्या होऊ घातलेल्या सासूबाई होत्या. स्थळ जवळजवळ ठरलं होतं, फक्त मुलीच्या वडिलांशी दोन शब्द बोलून बैठकीचा दिवस नक्की करायचा होता. सौभाग्यवतीच्या उत्तरानंतर पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग बारीक आवाजात "बरं, बरं. सावकाश येऊ देत. आम्हाला काही घाई नाही," असं म्हणून फोन ठेवला गेला. नंतर कळलं, त्या रात्री त्यांच्या घरी जेवणं लांबली. मुंबईत राहणाऱ्या आणि रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला सुपारीचे दोनच अर्थ ठाऊक असतात. एक पानात घालतात ती, आणि दुसरी दिल्यावर माणूस पान खायला शिल्लक राहत नाही ती. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, चष्मा लावणारा, कांजूरमार्ग पूर्वेला राहणारा गृहस्थ संध्याकाळी सात वाजता भांडुपला जाऊन यांतली कोणती सुपारी घेत असेल, याचा त्या मंडळींनी अंदाज बांधला. त्यात त्यांची काही चूक होती असं मला वाटत नाही.

तेव्हा आधी खुलासा करतो. आमच्या धंद्यात सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं ठरवणं. तमाशाच्या फडापासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांची हीच भाषा. पूर्वी बोलावणारा खरोखरच कलावंताच्या हातावर सुपारी ठेवायचा. आता पाचशेची नोट ठेवतात, क्वचित नुसताच हात ठेवतात. आणि 'आमचा धंदा' म्हणजे बेंजो वाजवणं. चौतीस वर्षं मी विम्याच्या कचेरीत पोटासाठी टाइपरायटर आणि पुढे कॉम्प्युटर बडवला, आणि गणपतीत, नवरात्रात, लोकांच्या हळदीला, बारशाला, साखरपुड्याला बेंजो बडवला. दुसऱ्या बडवण्याला पेन्शन नाही, म्हणून ते अजून चालू आहे.

तसं पाहिलं तर मी बेंजोकडे वळलो तो टाइपरायटरमुळेच. १९८५ साली मी कचेरीत लागलो. मराठी तीस, इंग्रजी चाळीस असा टायपिंगचा वेग खिशात होता. समोर गोदरेजचं यंत्र. देशी टाइपरायटर १९५५ साली काढणारी ही कंपनी आमच्या शेजारच्या विक्रोळीची, म्हणजे यंत्रसुद्धा तसं गाववालंच. त्याच वर्षी गिरगावातल्या एका वाद्यांच्या दुकानाबाहेर उभा असताना मला आत एक लांबट फळी दिसली. फळीवर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटणांची रांग. माझी बोटं आपोआप वळवळली. दुकानदार म्हणाला, "बुलबुलतरंग. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं तार छेडायची. कुणालाही येतं." या 'कुणालाही येतं'वर भाळून मी पहिल्या पगाराचा मोठा भाग तिथे ठेवला आणि फळी काखोटीला मारून घरी आलो.

वडील फळीकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "पेटी शिकायचीस. तबला शिकायचास. निदान सतरंजीवर बसायला तरी मिळालं असतं."

त्यांचं दुःख खरं होतं. पेटीला गोविंदराव टेंबे लाभले, तबल्याला घराणी लाभली. पेटीवर १९४० साली रेडिओने बंदी घातली आणि ती कितीतरी वर्षं टिकली. पण बंदी घालण्यासाठी का होईना, रेडिओने पेटीची दखल तरी घेतली! बेंजोवर बंदी घालावी असंसुद्धा कुणाला वाटलं नाही. त्याला गुरू नाही, गंडा नाही, घराणं नाही. बेंजोचा विशारद मी तरी आजवर पाहिलेला नाही.

वंशावळ मात्र आहे, आणि ती भल्याभल्या घराण्यांना हेवा वाटावा अशी आहे. १९१२ साली जपानातल्या नागोया गावी गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने दोन तारांच्या एका जुन्या वाद्यावर टाइपरायटरची बटणं बसवली. तिथे नुकतीच ताइशो राजवट सुरू झाली होती, म्हणून वाद्याचं नाव ताइशोगोतो. तेच जहाजात बसून हिंदुस्थानात आलं आणि बुलबुलतरंग झालं. बलुचिस्तानात त्याला बेंजू म्हणतात आणि तिथे ते गादीवर बसून, माना डोलावत ऐकतात म्हणे. मुंबईने त्याला विजेची वायर जोडली, हातगाडीवर चढवलं आणि बेंजो हे नाव दिलं. खरा अमेरिकन बँजो वेगळाच. तो गोल असतो, त्याला चामडं असतं, आणि त्याची मुळं आफ्रिकेत आहेत. माझ्या अमेरिकेतल्या पुतण्याने आमचा फोटो पाहून कळवलं, "काका, हा बँजो नव्हे." मी उलट कळवलं, "बाळा, तू तरी कुठे अमेरिकन आहेस?" तर असा हा प्राणी: जन्म जपानचा, नाव अमेरिकेचं, लाडाचं नाव बुलबुल आणि मुक्काम पोस्ट कांजूरमार्ग.

कांजूरमार्गाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण दादर-पार्ल्याच्या वाचकांना ते गाडीच्या खिडकीतून ओझरतंच दिसलेलं असतं. विक्रोळीच्या पुढचं आणि भांडुपच्या अलीकडचं हे स्टेशन. फास्ट गाडी इथे थांबत नाही. पूर्वेला कांजूरगाव, हमरस्ता, आणि पलीकडे मिठागरं. वारा खाडीकडून फिरला की डंपिंगचा वास येतो आणि पाहुणे लवकर उठतात. आमचं नाव एकदाच सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकलं. २०२० साली मेट्रोची कारशेड आरेतून उचलून कांजूरमार्गला आणायचं ठरलं तेव्हा. आम्ही हरखून गेलो. डिसेंबरात हायकोर्टाची स्थगिती आली आणि २०२२ साली कारशेड परत आरेला गेली. आमच्या पार्टीचा ढोलकीवाला त्या दिवशी म्हणाला, "आपल्या गावालाबी सुपारी आली आन् कॅन्सल झाली." ते दुःख आमच्याइतकं कुणाला कळणार?

पार्टीत आम्ही सात जण. पार्टीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण काही मंडळांकडून अजून येणं बाकी आहे आणि नाव वाचून ती सावध होतील. ढोलकीवाला रंगाऱ्याचं काम करतो, ताशावाला रिक्षा चालवतो, तीन ढोलक्या एका घोडीवर बांधलेला 'ट्रिपल' वाजवणारा बँकेत शिपाई आहे आणि कीबोर्डवाला पोरगा दर वर्षी बदलतो. मी मधोमध, बेंजो पोटाशी बांधून. पहिल्या सुपारीला, १९८७ साली, माणशी पस्तीस रुपये आणि दोन वडापाव मिळाले. ते पस्तीस रुपये मी आईच्या हातात ठेवले तेव्हा वडील म्हणाले, "वडे कुठायत?" हा त्यांनी माझ्या कलेत दाखवलेला पहिला रस.

या कार्यक्रमांत काय वाजवावं लागेल याचा नेम नसतो. एकदा एका नगरसेवकांनी सार्वजनिक शौचालयाच्या उद्घाटनाला बोलावलं. फीत कापताना कोणती चाल वाजवायची, यावर आमच्यात हातगाडीपाशी अर्धा तास खल झाला. भक्तिगीत वाजवलं तर देवाचा अपमान, देशभक्तीचं वाजवलं तर देशाचा, आणि विरहगीत वाजवलं तर नगरसेवकांचा. शेवटी ताशावाल्याने नुसताच ताशा वाजवला. लोकांना वाटलं, पालिकेची दवंडी आहे. त्या कार्यक्रमाचे पैसे अजून यायचेत.

वाद्य घेऊन जायचं म्हणजे स्लो लोकलचा मालडबा. कापडात गुंडाळलेली फळी बघून लोक नाना तर्क करतात. कुणी म्हणतं, पेटी. कुणी म्हणतं, इस्त्रीची फळी. एका कोळणीने माझ्याकडे आणि फळीकडे आळीपाळीने बघून "बाळाचा पाळना हाय काय रं?" असं इतक्या मायेने विचारलं, की मला नाही म्हणवेना.

पण एक गोष्ट मनापासून कबूल करायला हवी. बेंजोवाल्याला कुणीही ऐकत नाही. मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांचे पाय ताशावर असतात आणि लक्ष समोरच्या गॅलरीवर. ताशा थांबला तर दंगल होईल. बेंजो थांबला तर सगळ्यात शेवटी मला कळेल. याचा फायदा असा, की चुका लपतात. माझी एक जुनी कोळीगीताची चाल आहे, तिच्या तिसऱ्या ओळीत बोट हमखास एक बटण अलीकडे पडतं. 'फ'च्या जागी 'ड' दाबला जावा तसं. टायपिंगमध्ये पांढरा द्रव लावून चूक मिटवता यायची. इथे ती कर्ण्यातून कांजूरगावापासून मिठागरांपर्यंत जायची. पण इतकी वर्षं ना कुणी हटकलं, ना कुणी हसलं. मग मीही ती चूक मुलासारखी वाढवली.

घरच्यांनी हे सगळं सोसलं, असं म्हणायची पद्धत आहे. आमच्या घरच्यांनी ते सोसलं आणि शिवाय लिहून ठेवलं. सौभाग्यवतीची एक लांबट वही आहे. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. जमा: माणशी वाटणी. खर्च: तारा, वायर, रिक्षा, आयोडेक्स, आणि 'दुसऱ्या दिवशीची रजा' असं एक कायमचं कलम. १९९२ साली लग्न होऊन आल्यावर पहिल्याच गणपतीनंतर तिने बेरीज-वजाबाकी करून वही माझ्यापुढे सरकवली. अकरा दिवस वाजवून मी घरात साडेसात रुपयांची भर घातली होती. "तुम्ही दुसऱ्यांकडे वाजवायला जाता, त्यापेक्षा घरी बसून त्यांना साडेसात रुपये मनिऑर्डरने पाठवायला सांगा," ती म्हणाली. यात तिरकसपणा कमी आणि हिशेब जास्त होता.

२०१६ साली 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा आला. दिग्दर्शक आपले रवी जाधव. मी सगळ्या कुटुंबाला मोठ्या ऐटीत नेलं. पडद्यावर एक परदेशी मुलगी थेट न्यूयॉर्कहून मुंबईत बेंजोवाल्याला शोधत येते. मध्यंतरात सौभाग्यवतीने माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "आपल्याकडे भांडुपच्या पलीकडून कुणी आल्याचं आठवत नाही." चार वर्षांनी, २०२० साली, भांडुपहूनही कुणी आलं नाही. मंडळाची मूर्ती चार फुटांची आणि मिरवणूक बंद. त्या वर्षीच्या वहीत जमेची बाजू कोरी आहे. खर्चाच्या बाजूला एकच ओळ: 'ढोलकीवाल्याच्या घरी, दोन हजार.' ते मला विचारून दिलेले नव्हते, आणि ही ओळ मी नंतर वही चाळताना पाहिली.

कन्येचा विषय मात्र वहीत बसणारा नव्हता. तिचा जन्म १९९६ सालचा, सप्टेंबरातला. सप्टेंबर म्हणजे आमचा हंगाम. दीड दिवस, पाच दिवस, गौरी, अनंत चतुर्दशी, यांतलं काहीतरी तिच्या वाढदिवशी यायचंच, किंवा आदल्या-मागल्या दिवशी. आणि मग मी हातगाडीमागे पवईच्या तलावाच्या वाटेवर. केक कापून, पाहुणे जाऊन, फुगे मवाळ झाल्यावर मी घरी पोचायचो. माझ्या वाटणीचा तुकडा वाटीखाली झाकलेला असायचा. सहावीत तिला 'माझे बाबा' असा निबंध होता. बाईंनी तो चांगला म्हणून वर्गात वाचून दाखवला. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे: 'माझे बाबा सर्वांच्या घरी जाऊन आनंदाच्या वेळी वाजवतात, म्हणून ते आनंदाच्या वेळी आमच्या घरी नसतात.' दहापैकी आठ गुण. मी त्या रात्री बाईंना मनातल्या मनात दहापैकी दहा दिले आणि पुढच्या पाच दिवसांच्या गणपतीची सुपारी परत केली. ढोलकीवाला दोन महिने माझ्याशी धड बोलला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण गेलो.

तर असं सगळं असताना कन्येचं लग्न ठरलं. (सुपारीचा गैरसमज सौभाग्यवतीने दुसऱ्या दिवशी फोन करून निस्तरला. पण व्याही मंडळी पहिल्यांदा आली, तेव्हा त्यांनी माझ्या हातांकडे बराच वेळ पाहिलं असं मला वाटतं.) आणि लग्न म्हटलं की हळद. आता हळद म्हणजे बेंजोवाल्याची पंढरी. दुसऱ्यांच्या किती हळदी वाजवल्या याची मोजदाद फक्त वहीत सापडेल. घामाने भिजून एखाद्या अनोळखी नवरीच्या अंगणात उभा असताना मनात मी एक यादी करत आलो होतो. आमच्या मुलीच्या हळदीला आधी हे, मग हे, तेलवण पडताना हे, आणि करवल्या नाचायला लागल्या की ते. वीस-बावीस वर्षांची यादी. कुणाला दाखवलेली नाही.

"बाबा, हळदीला डीजे सांगितलाय," कन्या म्हणाली.

मी चहाचा कप खाली ठेवला. "डीजे कशाला? आपली पार्टी आहे. ढोलकीवाला तर पैसेसुद्धा..."

"तुम्ही त्या दिवशी मुलीचे वडील आहात. मुलीचे वडील वाजवत नसतात. तुम्ही एकदा तरी घरच्या कार्याला घरात असा."

आता यावर काय बोलणार? निबंधाचा पुढचा परिच्छेदच होता तो. मी पुन्हा कप उचलला आणि चहा छान झालाय असं म्हणालो. सौभाग्यवती वहीत काहीतरी लिहीत होती. तिने मान वर केली नाही.

डीजेचे चार तासांचे बावीस हजार. माणशी नव्हे, कारण माणूस एकच. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा आला, एक लॅपटॉप उघडला आणि कपाटाएवढे दोन स्पीकर आमच्या सोसायटीच्या गच्चीवर उभे केले. त्याने पहिलं गाणं लावल्याबरोबर हळदीची वाटी पाटावरून दोन बोटं सरकली. माझ्या छातीत डाव्या बाजूला जे धडधडायला लागलं ते डॉक्टरांना विचारण्यासारखं होतं. आमचे बाकीचे सहाही जण पाहुणे म्हणून आले होते. इस्त्रीचे कपडे घालून, हात कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखे एका ओळीत खुर्च्यांवर बसले होते. ढोलकीवाला गुडघ्यावर बोटं वाजवत होता. मी त्याला विचारलं, "कसा आहे पोरगा?" तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "तालात हाय." तालात होता, हे मलाही कबूल करावं लागलं. मी मुलीच्या वडिलांसारखा सगळीकडे फिरलो. जिलब्या मोजल्या, उष्टी हळद घेऊन आलेल्या विहीणबाईंना आणि त्यांच्याकडच्या बायकांना पन्हं दिलं, कुणाची तरी हरवलेली चप्पल शोधली. घरच्या कार्यात घरात असण्याला इतकी कामं असतात, याची मला कल्पना नव्हती.

आणि दहा वाजले.

हे रात्रीचे दहा म्हणजे माझा जुना वैरी. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० साली, सुप्रीम कोर्टाने ते पक्के केले २००५ साली. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद. वर्षातून मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, तेवढीच. ऐन रंगात आलेल्या किती मिरवणुका या दहाने माझ्या बोटांखालून काढून घेतल्या आणि किती मंडळांनी त्या कारणाने पैसे कापले! सोसायटीचे सेक्रेटरी पावणेदहापासून घड्याळ हातात धरून जिन्याच्या दाराशी उभे होते. दहाला दोन मिनिटं कमी असताना पोराने लॅपटॉप मिटला, सव्वादहाला वायरी गुंडाळून तो बावीस हजारांसकट गेलासुद्धा.

गच्ची एकदम रिकामी वाटायला लागली. मिठागरांच्या बाजूने गार वारा आला (नशिबाने वासाशिवाय), आणि कानातली घूं घूं ओसरल्यावर खालून धीमी लोकल जाताना ऐकू आली. म्हाताऱ्या मंडळींना झोप नव्हती, करवल्यांचे पाय थांबायला तयार नव्हते. सगळे एकमेकांकडे बघत होते.

"बाबा," हळदीने पिवळीधमक झालेली कन्या पाटावरून म्हणाली, "बेंजो काढा."

"अगं दहा वाजून गेले. कर्णा..."

"कर्णा कशाला हवाय? वायर लावू नका."

बेंजो पलंगाखाली होता आणि त्यावर लाडवांची तीन ताटं होती. सौभाग्यवतीने ती एका शब्दाने न बोलता उचलली. मी गच्चीवर सतरंजीवर बसलो. वडिलांची सतरंजी आठवली, खोटं कशाला बोलू. वायर न लावलेल्या बेंजोचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात अडकलेला भुंगा. चाळीस-पन्नास माणसं गप्प होऊन त्या भुंग्याकडे कान लावून बसली. इतक्या वर्षांत मला कुणी पहिल्यांदाच ऐकत होतं, आणि माझ्या हाताला घाम फुटला.

"काय वाजवू?" यादी डोक्यातून साफ गेली होती.

"ती कोळ्यांची. रात्रीची."

रात्रीची म्हणजे काय, ते मला पटकन कळेना. मग उमगलं. एका खोलीचं बिऱ्हाड होतं तेव्हाची गोष्ट. सरावाला रात्रीशिवाय वेळ नसायचा आणि वायर लावली तर शेजारी भिंत ठोकायचे. म्हणून सगळे निजल्यावर मी बेंजोवर चादर टाकून, तिच्या पाळण्याशेजारी बसून, तीच एक चाल घोटायचो. निजलेलं पोर ऐकत असेल हे माझ्या गावीही नव्हतं.

वाजवायला घेतली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरी यायच्या आधी मी श्वास धरला, डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा ते बटण बरोबर दाबलं! सूर असा स्वच्छ लागला, की मीच चकित झालो. ढोलकीवाल्याने खुर्चीतूनच "वा!" म्हटलं.

"चुकलात," कन्या म्हणाली.

"अगं, आत्ताच तर बरोबर आलं. चाल अशीच आहे."

"नाही. ते असं नाहीये." आणि तिने तिसरी ओळ गुणगुणून दाखवली. एक बटण अलीकडे. नेमकी माझी चूक, हेलकाव्यासकट. "हे असं. नेहमी असंच आहे."

ढोलकीवाला माझ्याकडे बघून हसायला लागला. मी सौभाग्यवतीकडे बघितलं, तर तीही मान हलवून "असंच आहे" म्हणत होती. एका घरात दोन बायकांनी अशी साक्ष दिल्यावर मूळ चालीचं काय चालणार? मी पुन्हा सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीत व्यवस्थित चुकलो. त्या चुकीवर करवल्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, रंगाऱ्याने रिकाम्या जेवणाच्या डब्यावर ढोलकी धरली, ताशावाल्याने खुर्चीच्या पाठीवर. म्हाताऱ्या उठल्या. साडेअकरापर्यंत चाललं होतं. सेक्रेटरी दोनदा वर आले. पहिल्यांदा घड्याळ घेऊन आणि दुसऱ्यांदा बायकोला घेऊन. मध्येच एक तार तुटली, ती बदलायला कुणी वेळ दिला नाही.

मंडळी पांगत होती, तेव्हा विहीणबाई माझ्यापाशी आल्या. हळदीच्या ताटातली एक सुपारी त्यांच्या हातात होती आणि चेहरा गंभीर होता.

"आमच्या सोसायटीचा गणपती पाच दिवसांचा असतो," त्या म्हणाल्या, आणि ती सुपारी त्यांनी माझ्या हळदीने माखलेल्या तळहातावर ठेवली. "तिचा वाढदिवस सप्टेंबरात असतो ना? गेल्या वेळी मला समजलं नव्हतं, या वेळी मी नीट विचारून घेते. किती घेता तुम्ही?"

मी "छे छे, घरचंच कार्य" असं काहीतरी पुटपुटायला तोंड उघडलं होतं, तोच मागून वही मिटल्याचा आवाज आला.

"माणशी हजार," सौभाग्यवती म्हणाली, "आणि तुटलेली तार वेगळी. निम्मे आधी द्यावे लागतात हं."